मलनिस्सारण प्रकल्प उभा राहतो. जिवंत राहतो का?

मलनिस्सारण प्रकल्पाची पायाभरणी असो वा उद्घाटन, बातमीत एक आकडा हमखास असतो. प्रकल्प दररोज इतक्या दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करील, असे त्यात म्हटलेले असते. हा आकडा टाक्यांच्या आकारमानाचा असतो. त्या टाक्यांत प्रत्यक्ष काम करतात ते सूक्ष्मजीव, आणि ते कोणत्या अवस्थेत आहेत हे या आकड्यावरून कळत नाही. गोव्यासारख्या राज्यात हा भेद महत्त्वाचा ठरतो. येथे घरामागची विहीर, गावाजवळची खाडी आणि ताटातली तिसरी या तिन्ही गोष्टी एकाच पाण्याने जोडलेल्या आहेत.

आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रक्रिया शतकाहून जुनी आहे. मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात सातत्याने हवा सोडून पाहिली आणि तळाशी बसणारा गाळ फेकून न देता पुढील खेपेस पुन्हा वापरला. या गाळातील जिवाणू दर खेपेस अधिक वेगाने पाणी स्वच्छ करू लागले. १९१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि ‘सक्रियित गाळ’ पद्धतीचा जन्म झाला. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे भारतासाठीही हे शास्त्र नवे नाही.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खातात, वाढतात आणि चिकट स्रावामुळे एकमेकांना बिलगून पुंजके करतात. हवा थांबवली की पुंजके तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहते. जे जिवाणू सुटे तरंगत राहतात त्यांना खाण्यासाठी व्हॉर्टिसेलासारखे, देठावर उभ्या घंटेच्या आकाराचे आदिजीव असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे आदिजीव मुबलक दिसले, तर गाळ सुदृढ आहे असे जाणकार समजतो. ते नाहीसे होऊन तंतुमय जिवाणूंचे जाळे माजले की गाळ फुगतो, खाली बसत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. प्रकल्पाची यंत्रे चालू दिसतात, पण नदीत गाळच जात असतो.

पणजीत सांत इनेज खाडीलगतच्या टोंक येथे २००५ मध्ये कार्यान्वित झालेला १२.५ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प याच पद्धतीच्या सुधारित, चक्रीय रूपावर आधारलेला आहे. भरणे, हवा देणे, निवळू देणे आणि वरचे पाणी काढून घेणे हे सारे टप्पे त्यात एकाच टाकीत ठरावीक वेळाने पार पडतात. जागा कमी लागत असल्याने दाट वस्तीच्या शहरांना ही रचना सोयीची ठरते. परंतु तिचे वेळापत्रक काटेकोर असते. हवेचा टप्पा आखूड झाला, तर जिवाणूंचे काम अर्धवट राहते. निवळण्याचा टप्पा आखूड झाला, तर गाळ बाहेर पडतो. अशा प्रकल्पात विजेचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक खर्च केवळ हवा देण्यावर होतो. म्हणूनच काटकसरीचा मोह प्रथम तेथेच होतो.

जिवाणूंना हवेइतकीच गरज असते ती नियमित अन्नाची, आणि येथे गोव्याची अडचण दुहेरी आहे. डिसेंबरअखेरीस किनारपट्टीवर पाहुण्यांची गर्दी उसळते. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतील तेल, चरबी आणि धुण्याच्या साबणाचा भार अल्पावधीत वाढतो. जूनपासून उलटे घडते. छपरांचे आणि अंगणांचे पाणी मलवाहिन्यांत सोडलेले असते, गळक्या मॅनहोलमधूनही पाणी शिरते. सांडपाणी पातळ होते आणि प्रवाहाच्या जोराने गाळ टाकीबाहेर ढकलला जातो. एकाच प्रकल्पाला वर्षात दोनदा असे टोकाचे धक्के सोसावे लागतात.

तिसरी अडचण मानवनिर्मित आहे. वाहिनी घरासमोरून गेली तरी घराची जोडणी होत नाही. कोणाला खोदकामाचा खर्च नको असतो, कोणाला अंगणातील फरशी मोडायची नसते, तर कोणाला चालू असलेली सेप्टिक टाकी पुरेशी वाटते. जोडणी बंधनकारक करण्यासाठी गोव्यात २००८ चा मलनिस्सारण व्यवस्था व स्वच्छता सेवा व्यवस्थापन कायदा आहे. तरीही वाहिन्या टाकून झाल्या आणि जोडण्या मात्र रखडल्या, अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. मोठ्या क्षमतेच्या टाकीत थोडेच सांडपाणी आले तर तेथील जिवाणू उपाशी राहतात. पुंजके विस्कटतात आणि पाणी गढूळ होते. कमी सांडपाण्यावर अधिक चांगली प्रक्रिया होईल, हा समज म्हणूनच फसवा आहे.

धक्के सर्वाधिक कोणाला बसतात, हेही पाहण्याजोगे आहे. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा या जिवाणूंना दुप्पट होण्यास एक दिवस वा त्याहून अधिक काळ लागतो. गाळ एकदा वाहून गेला की ही मंडळी परत वस्ती करायला कित्येक आठवडे घेतात. तोवर पाण्यात अमोनिया तसाच राहतो. हा अमोनिया माशांना घातक असतो. शिवाय शेवटच्या टप्प्यात रोगजंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन त्याच्याशी संयोग पावते आणि त्याची मारकशक्ती घटते.

हे दोन प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले असताना आपल्या मानकांनी मात्र त्यांना वेगळे केले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या मसुद्यात अमोनिया व एकूण नायट्रोजनवर मर्यादा होती आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये १०० पेक्षा कमी असावेत, असे म्हटले होते. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत नायट्रोजनची अट गळाली आणि कोलिफॉर्मची मर्यादा १,००० वर गेली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये यावर बोट ठेवून कडक निकष सांगितले. एकूण नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत असावा, तर कोलिफॉर्मसाठी १०० हे इष्ट आणि २३० हे कमाल प्रमाण असावे, असे लवादाचे म्हणणे होते.

या आकड्यांचा अर्थ एका हिशेबातून उलगडतो. कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये एक कोटी कोलिफॉर्म असणे असामान्य नाही. जैविक प्रक्रियेने त्यातील ९९ टक्के नाहीसे झाले, असे अभिमानाने सांगितले जाईल. पण उरलेला एक टक्का म्हणजे एक लाख. ते प्रमाण १,००० वर आणायला ९९.९९ टक्के घट लागते आणि २३० साठी त्याहूनही अधिक. केवळ टाकीतील जिवाणूंच्या भरवशावर हे साधत नाही. त्यासाठी क्लोरीन वा अतिनील किरणांचा स्वतंत्र टप्पा हवा, आणि तो परिणामकारक व्हायचा तर आधीचे पाणी नितळ व अमोनियामुक्त असायला हवे. मागचा टप्पा ढासळला की पुढचा टप्पा नावापुरता उरतो.

तपासणीची पद्धतही प्रश्न उभे करते. कोलिफॉर्मची प्रचलित चाचणी नळ्यांत जिवाणू वाढवून केली जाते आणि तिला दोन-तीन दिवस लागतात. अहवाल हाती येतो तेव्हा ते पाणी मांडवीतून केव्हाच समुद्रात गेलेले असते. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना त्या दिवसापुरता खरा असतो. याउलट रोज सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचा एक थेंब पाहणे, एक लिटरच्या मोजपात्रात गाळ अर्ध्या तासात किती बसतो ते नोंदवणे आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास आहे का हे तपासणे स्वस्त आहे. त्यातून बिघाडाची चाहूलही आधी लागते. मात्र त्यासाठी पंप चालू-बंद करणाऱ्या कामगाराबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र जाणणारा माणूस प्रकल्पावर नेमावा लागतो.

मलवाहिनी न पोहोचलेल्या घरांचा प्रश्न याहून बिकट आहे. सेप्टिक टाकीत घन पदार्थ खाली बसतात आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्यांचे अंशतः विघटन करतात. रोगजंतूंचा नायनाट तेथे होत नाही. ते काम पुढच्या मातीवर सोडलेले असते. गोव्याचा जांभा सच्छिद्र आणि भेगाळ. पावसाळ्यात भूजल वर आले की शोषखड्डा आणि विहीर यांच्यातील अंतर कागदावरच उरते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांतील काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. दूषित पाण्याचे परिणाम जुलाबावरच थांबतात, हा गैरसमज त्या दिवसांनी दूर केला.

नदीकाठच्या माणसाला तर आणखी एक धोका आहे. तिसऱ्या, खुबे, कालवे हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यातील जिवाणू आणि विषाणू त्यांच्या शरीरात साठत जातात. साळ नदीचा काही भाग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गेला, तेव्हा तो केवळ पर्यावरणप्रेमींच्या चिंतेचा विषय नव्हता. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून शिंपले वेचणाऱ्या बायांच्या उपजीविकेचा प्रश्नही त्यात होता.

तेव्हा प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या घोषणेवेळी क्षमतेबरोबरच काही गोष्टी विचारायला हव्यात. क्षमतेच्या किती टक्के सांडपाणी प्रत्यक्ष येते? बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया आणि कोलिफॉर्मचे आकडे दर आठवड्याला जाहीर होतात का? वीज गेल्यास हवा किती तास चालू राहते? सेप्टिक टाक्या उपसणारे टँकर कोठे रिकामे होतात, याची नोंद आहे का? आणि गाळ तपासणाऱ्या माणसाचे पद भरलेले आहे का? यांतील एकाही प्रश्नासाठी नवी निविदा काढावी लागत नाही. वाहिन्यांवर आणि टाक्यांवर खर्च केलेल्या पैशाचे चीज होते की नाही, हे मात्र याच उत्तरांवर ठरेल.