हिमाचा मुहूर्त

लग्नामुंजीचा मुहूर्त काढावयाचा झाला म्हणजे आपल्या घरांत पंचांग उघडलें जातें. प्रवासास निघावयाचें झाल्यास मात्र शाळेच्या सुट्यांची यादी तेवढी पाहिली जाते. सुटी दिसली कीं तिकिटें काढावयाचीं, आणि ज्या गांवीं जावयाचें तेथील ऋतु त्या वेळीं कोणत्या स्थितींत असेल याचा विचार गाडींत बसल्यावर करावयाचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. कोंकणांत किंवा महाबळेश्वरास जाणाऱ्यांना ती एक वेळ चालून जाते. परंतु अलीकडे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें हिवाळ्यांत काश्मिरांत गुलमर्गास जातात, आणि पायांना लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरत जाण्याचा, स्कीइंगचा, खेळ मुलांना शिकवावा अशी हौस धरतात. त्या प्रवासांत ही रीत कशी नडते, तें आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों. या महिन्यांत तेंच सांगण्याचें योजिलें आहे.

२०२३ सालच्या नाताळांत आमच्या घरचीं नऊ माणसें गुलमर्गास गेलीं. बेत आमचाच होता. धाकट्या सूनबाईंनीं "मामंजी, फेब्रुवारींत गेलों तर?" असें दोन वेळां सुचविलें होतें, परंतु जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला भर शाळेच्या दिवसांत नातवास घरीं ठेवणें कसें रुचावें? आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, तेहि बरोबर होते. त्यांचें वय तेव्हां सत्त्याहत्तर. लहानपणीं वडिलांनीं आम्हां दोघांकडून कुमारसंभवाचा पहिला सर्ग पाठ करून घेतला होता, आणि त्यांतील हिमालयाचें वर्णन दादांना अजूनहि मुखोद्गत आहे. परंतु प्रत्यक्ष हिम त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें.

आम्ही पोंचलों तों समोरचें विस्तीर्ण कुरण पिवळ्या गवताचें. हिम म्हणून कोठें कोठें पांढरे पट्टे काय ते उरलेले. माणसें मात्र अलोट. शिकवणाऱ्यांनीं नातवाला एका लहानशा पट्ट्यावर दहा पावलें घसरविलें आणि संपलें. दादांनीं एका भिंतीच्या आडोशाला उरलेला मळकट हिमाचा गोळा हातांत घेतला, आणि तो वितळून जाईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. आम्हांलाहि बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

घरीं परतल्यावर आम्हीं या विषयाचा अभ्यास केला. तो आधीं करावयास हवा होता. काश्मिरांतील हिम हें आपल्या मोसमी पावसाच्या वाऱ्यांनीं येत नाहीं. भूमध्य समुद्राच्या बाजूनें पूर्वेकडे सरकत येणारे जे पश्चिमी झंझावात, ते तें आणतात. एका झंझावातानें भागत नाहीं. एकावर एक थर बसून दाबला गेला म्हणजे घसरण्याजोगी बैठक तयार होते. काश्मिरी लोकांचें हिवाळ्याचें स्वतंत्र पंचांगच आहे. २१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' सुरू होतें, तें चाळीस दिवस चालतें. मग वीस दिवसांचें 'चिल्लई खुर्द' आणि शेवटीं दहा दिवसांचें 'चिल्लई बच्चा'. म्हणजे आमचा नाताळ हा त्या सत्तर दिवसांचा केवळ आरंभ. पेरणीच्या आठवड्यांत कापणीला जावें, तसें आम्हीं केलें. त्यांतून तो हिवाळा विशेष कोरडा गेला. जानेवारी २०२४ संपत येईपर्यंत गुलमर्गचें कुरण बहुतेक उघडेंच होतें.

दुसरी गोष्ट उंचीची. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंच आहे, आणि तेथून गोंडोला नांवाचा जो रज्जुमार्ग दोन टप्प्यांनीं अफरवट पर्वताच्या खांद्यावर जातो, त्याचें वरचें ठाणें सुमारें ३,९५० मीटरवर आहे. हजार मीटर चढल्यास उष्णमान सामान्यतः साडेसहा अंशांनीं उतरतें, या हिशेबानें वर आणि खालीं आठ अंशांचें अंतर पडतें. त्यामुळें वर हिम पडत असतां खालीं नुसता पाऊस पडावा, हें सहज शक्य आहे. आपल्याला पाठविलीं जाणारीं शुभ्र चित्रें बहुधा वरचीं असतात. आणि नवशिक्यानें शिकावयाचें असतें तें खालच्या कुरणांतील सौम्य उतारांवर! वरचे उतार निष्णातांसाठीं आहेत, आणि तेथें निष्णातांनाहि अभय नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें दोन पोलिश व फेब्रुवारी २०२४ मध्यें एक रशियन स्कीपटु तेथील हिमप्रपातांत मृत्यु पावले. म्हणून कुटुंबवत्सल माणसानें चौकशी करावयाची ती "वर किती हिम आहे?" अशी नव्हे, तर "खालच्या कुरणांत किती, आणि तें केव्हां पडलेलें?" अशी.

'केव्हां' यालाहि महत्त्व आहे. अमरकोशांत तुषार, तुहिन, हिम, प्रालेय हे शब्द एकाच माळेंत ओंवलेले आहेत. स्की करणाराला इतकी उदारता परवडत नाहीं. ताजें हिम हलकें व मऊ असतें. दिवसां उन्हानें विरघळून रात्रीं पुन्हां गोठलेलें हिम सकाळीं कांचेसारखें टणक लागतें. आणि ऋतु उतरणीला लागला म्हणजे दुपारीं त्याचा चिखल होतो. अशा दिवसांत लहान मुलाचा धडा अगदीं पहांटेचा नको व तिसऱ्या प्रहराचाहि नको. ऊन थोडें वर आलें म्हणजे धरावा.

आतां गर्दीचा हिशेब. गोंडोलाचा पहिला टप्पा ताशीं सुमारें सहाशें माणसें वर नेतो. समजा, एका सकाळीं तीन हजार माणसें आलीं. तर शेवटच्या माणसाची पाळी पांच तासांनीं येईल, आणि हिवाळ्याचा दिवस तेवढ्यांत कलेल. हें गणित चौथीच्या मुलालाहि येतें; सुटीचा बेत करणाऱ्या आजोबांस तें आलें नाहीं, हा भाग वेगळा. नाताळ ते नववर्ष, २६ जानेवारीला जोडून आलेली सुटी, आणि हिवाळी क्रीडास्पर्धांचे दिवस हे टाळावे. सोमवार ते गुरुवार हे दिवस धरावे. गोंडोलाचें तिकीट आगाऊ काढावें.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं २०२५ सालीं पुन्हां बेत केला. फेब्रुवारीचा मध्य धरला, परंतु राहण्याची जागा अशी पाहिली कीं तारीख पुढें ढकलतां यावी. आणि हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज सूनबाई रोज वाचून दाखवूं लागल्या. त्या वर्षीं फेब्रुवारीहि कोरडा निघाला. गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीस व्हावयाच्या होत्या, त्यासुद्धां हिमाअभावीं पुढें ढकलाव्या लागल्या. आम्हींहि बेत पुढें नेला. विमानाच्या तिकिटांचे कांहीं पैसे बुडाले, आणि आमच्या कुटुंबानें तो खर्च डायरींत 'शहाणपण' या सदराखालीं टिपून ठेवला. फेब्रुवारीच्या अखेरीस मोठें हिम पडलें. तें पडत असतां निघालों नाहीं. कारण अशा वेळीं विमानें रद्द होतात, टंगमर्गाहून गुलमर्गाचा घाट चांकांना सांखळ्या बांधल्याखेरीज चढतां येत नाहीं, आणि वाऱ्यामुळें गोंडोला बंद राहतो. वादळ ओसरल्यावर, सोमवारीं ३ मार्चला आम्ही निघालों, आणि ९ मार्चला स्पर्धा सुरू होण्यापूर्वीं घरीं परतलों. परतीच्या वाटेवर एक दिवस मोकळा ठेवला होता. तसा तो सर्वांनींच ठेवावा.

नातू पहिल्या दिवशीं अकरा वेळां पडला. तिसऱ्या दिवशीं कुरणाचा लहान उतार एकट्यानें, न पडतां उतरला. दादा मात्र बरोबर नव्हते. मधल्या वर्षांत त्यांना हृदयाचा विकार जडला, आणि वैद्यांनीं उंचावर जाण्यास साफ मनाई केली. संध्याकाळीं नातवानें त्यांना दूरध्वनि केला. दादांनीं एकच प्रश्न विचारला, "हिम हातांत घेतलेंस, तें किती वेळ टिकलें रे?" पोर म्हणालें, "दादाआजोबा, हातमोज्यावर घेतलें होतें. वितळलेंच नाहीं." दादा बराच वेळ हंसत होते, असें घरच्यांनीं मागाहून सांगितलें.

पुढील महिन्यांत, एप्रिल २०२५ मध्यें, पहलगामला जें घडलें त्यानें महाराष्ट्रांतीलहि कांहीं घरें उजाड झालीं. तेव्हांपासून तिकडे जाणाऱ्यानें कोणतीं स्थळें खुलीं आहेत याविषयींच्या सरकारी सूचना हवामानाच्या अंदाजाइतक्याच बारकाईनें वाचाव्या, हें वेगळें सांगावयास नको.

आतां एक कबुली देऊन आटोपतों. नातवाच्या रजेचा अर्ज आम्हींच लिहिला. शाळेंत असतांना असे कित्येक अर्ज आम्हीं लाल शाईनें 'नामंजूर' म्हणून परत केले होते. त्यांतील एखाद्या घरींहि दादांसारखें कोणी वाट पाहत असेल, हें तेव्हां मनांत आलें नाहीं. वार्षिक परीक्षा तोंडावर असेल तर मुलास नेऊं नये, हें आमचें मत आजहि कायम आहे. परंतु चार दिवसांचे धडे भरून काढतां येतात. दादांचा तो नाताळ आम्हांला भरून देतां आला नाहीं.