कुलूपवाल्याचे नावगाव

गेल्या सत्रात आमच्या वसतिगृहात एक साथ आली. तापाची नव्हे, व्हीपीएनची! "वायफायवरून सगळं दिसतं म्हणे" एवढे कानांवर पडायचा अवकाश, जो तो व्हीपीएनच्या मागे लागला. माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या संगणकावर उबुंटू आहे. त्याने कुठल्याशा अनोळखी पानावरची एक ओळ उचलली, टर्मिनलमध्ये चिकटवली, परवलीचा शब्द टाकला आणि मोकळा झाला.

"काय होतं रे त्या ओळीत?"

"सुरुवातीला सुडो होतं. पुढचं वाचलं नाही."

वाचकहो, लिनक्समध्ये व्यवस्थेच्या मूळ फायलींना कोणालाही सहज हात लावता येत नाही. सुडो म्हटले की ती मुभा मिळते. त्या ओळीने एखादी स्क्रिप्ट उतरवून सुडोच्या अधिकाराने चालवली, तर स्क्रिप्टचा कर्ता त्या घटकेपुरता संगणकाचा मालकच झाला. चोराच्या भीतीने कुलूप आणायचे आणि कुलूपवाल्याचे नावगाव न विचारता सगळ्या किल्ल्या त्याच्याच हवाली करायच्या, असा हा प्रकार!

मुळात व्हीपीएन करतो तरी काय? बहुतेक संकेतस्थळांशी आपला व्यवहार हल्ली तसाही बंद पाकिटातून चालतो. वायफायवाल्याला मजकूर दिसत नाही, पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसतो. व्हीपीएन ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर पुण्याच्या मामांचा पत्ता लिहितो. मामा बाहेरचे पाकीट फोडून आतले पुढे टाकतात. पोस्टमनला इतकेच कळते की भाचा मामांना फार पत्रे लिहितो. मामांना मात्र सगळे पत्ते कळतात. तेव्हा हे मामा कोण, आणि मामा बनतो कोण, हे आधी पाहायला नको का?

फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचे फुकट व्हीपीएन ॲप रक्षणाच्या नावाखाली चाले आणि लोक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती मालकाला पुरवी. २०१९ मध्ये ते बंद झाले. याउलट स्वीडनमधील मुल्वाड ही कंपनी ग्राहकाचे नाव वा ईमेल विचारतच नाही. सोळा आकडी क्रमांक देते, पाकिटातून आलेली रोकडही घेते. एप्रिल २०२३ मध्ये तिच्या कचेरीत पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले आणि ग्राहकांची नोंदच नसल्याने रिकाम्या हातांनी परतले. आपल्याकडे सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपण्याचा आदेश काढला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी येथील सर्व्हर हलवले. चार गुन्हेगारांसाठी सगळ्यांचीच वही ठेवावी, हे मला पटत नाही. "लपवण्यासारखे नसेल तर भिता कशाला?" असे वडीलधारे विचारतात. पण घरी क्षेमकुशल लिहितानाही आपण पाकीट चिकटवतोच की! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो काय गुन्हेगारांच्या सोयीसाठी?

तंत्राची उणीव नाही. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. उणीव आहे ती दहा मिनिटांच्या धीराची. ॲप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. सोबत सहीची फाईल असते. ती कंपनीच्या सार्वजनिक किल्लीशी जीपीजीने पडताळावी आणि मगच सुडो म्हणावे.

माझ्या सोबत्याने ते जुने ॲप काढून टाकले, पण मालकी एकदा परक्याकडे गेल्यावर तेवढ्याने काय भागणार? शेवटी रविवारी उबुंटूच नव्याने बसवले. मग मुल्वाडचे ॲप व त्याची सही उतरवली. किल्लीचा चाळीस अक्षरी ठसा पडताळायला शेजारच्या खोलीतला कन्नड विभागाचा मित्र आला. तो संकेतस्थळावरचे आकडे कन्नडमध्ये वाचत होता, मी आमच्या पडद्यावर मराठीत जुळवत होतो. दोनदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाळिसावे अक्षर जुळले तेव्हा मेस बंद झाली होती.