‘जपानी माल’ या शिवीचें काय झालें?

बाजारांत घेतलेली वस्तु चार दिवसांत मोडली कीं ‘चिनी मालच तो!’ असें म्हणून आपण मोकळे होतों. १९३० च्या सुमारास आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडीं याच जागीं ‘जपानी माल’ हे शब्द होते. दिसायला चकचकीत आणि टिकायला कुचकामी, हा त्यांचा अर्थ. कापड मात्र इतकें स्वस्त कीं १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें त्यावर शेंकडा ७५ जकात बसविली.

आतां गंमत पहा. नकलाखोर म्हणून हिणविलेल्या त्याच देशांत साकिची टोयोडा हा खेड्यांतल्या सुताराचा मुलगा होता. १८९१ सालीं त्यानें लांकडी हातमागाचें पेटंट घेतलें. १९२४ सालीं असा यंत्रमाग पुरा केला कीं, धागा तुटतांच माग आपोआप थांबावा. म्हणजे वाईट कापड विणून मग तें घडींत दडवायला नको! जगभर माग विकणाऱ्या विलायतेंतील प्लॅट ब्रदर्स कंपनीनें १९२९ सालीं त्याचे हक्क पैसे मोजून घेतले. तरी बाजारांतली शिवी कायमच.

माल सुधारला तरी नांव सुधारायला पिढी जाते. १९५० सालीं डेमिंग नांवाच्या अमेरिकन पंडितानें जपानी कारखानदारांना सांगितलें कीं, तयार मालांतून वाईट वेंचण्यापेक्षां चूक होते तेथेंच धरा. सुताराच्या पोराचा माग दुसरें काय करीत होता? तरीहि १९५७ सालीं टोयोटाच्या मोटारी अमेरिकेंत गेल्या, त्या तेथल्या लांब रस्त्यांवर टिकेनात. विक्री थांबवावी लागली. आज तेच अमेरिकन टिकाऊ म्हणून टोयोटा घेतात. रक्त तेंच, देश तोच. बदललें तें काम.

अमक्या जातीची अक्कल आणि तमक्या जातीचे नुसते हात, असें सांगणाऱ्यांनीं हें नीट वाचावें. आमच्या कुंभार-कोष्ट्यांच्या मालाला ‘गांवठी’ म्हणून दाम पाडणारा व्यापारी हीच समजूत खातो. पण कापसावर पाणी मारून वजन वाढविणारा आमचाच भाऊ त्याला पुरावा पुरवितो, हें कां लपवावें? एका गाडीनें घालविलेलें नांव साऱ्या गांवाच्या गाड्यांना भोंवतें.

येत्या हंगामांत काट्यावर जाण्यापूर्वीं गांवानेंच आपला कापूस तपासावा आणि ओलें गांठोडें वेशींतच उतरवून घ्यावें. वही लिहायला आम्ही बसतों.