आयजीच्या जिवावर बायजी उदार



येत्या आठवड्यात आपल्या जिल्हा बैठका आहेत. त्याच आठवड्यात दिल्ली, जिनिव्हा, वॉशिंग्टन, ब्रुसेल्स यांपैकी कुठे ना कुठे कोट-टाय घातलेल्या माणसांच्याही बैठका होतील. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हस्तांदोलनाचा फोटो येईल आणि खाली छापलेले असेल, 'चर्चा सकारात्मक झाली'. आपल्यातले बहुतेकजण ते पान उलटतील आणि बाजारभावाचा तक्ता शोधतील. ही सवय आता मोडली पाहिजे. कापसाचा भाव अकोल्याच्या किंवा यवतमाळच्या बाजार समितीत फक्त पुकारला जातो. ठरतो तो त्या पहिल्या पानावरच्या टेबलाभोवती.

कृषी महाविद्यालयात आम्हाला बोंडअळीची जीवनसाखळी पाठ करायला लावली. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण शिकवले. पण दिल्लीतल्या एका अधिसूचनेने एका रात्रीत जेवढे नुकसान होते तेवढे बोंडअळी अख्ख्या हंगामातही करत नाही, हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता.

ही काही आजची गोष्ट नाही. मी राहतो ते कुंभिवली खालापूर तालुक्यात आहे, बोरघाटाच्या पायथ्याच्या मुलखात. इथे भात पिकतो. कापसाचे बोंड नाही की ज्वारीचे कणीस नाही. तरीही कापसाचा इतिहास इथूनच गेला आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत पोचावा, हे त्या खटाटोपामागचे एक मोठे कारण होते. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस अडला आणि इथला भाव आकाशाला भिडला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईचे सटोडिये बुडाले आणि काही वर्षांत सावरले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज मात्र तसेच राहिले आणि सारा वाढत गेला. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्या उगीच नव्हेत. युद्ध आणि तह तिकडे, जप्ती इकडे, हा रिवाज दीडशे वर्षांचा आहे. आज न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर खालापूरच्या टोलनाक्यावरून तोच घाट चढतात. माल उलट दिशेने जातो, एवढाच फरक.

अकरा टक्के आणि अकरा दिवस

आता ताजा इतिहास पाहू. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर ११ टक्के आयात कर होता. ७ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्याची किंमत स्वतःला मोजावी लागली तरी चालेल. टाळ्या झाल्या.

१८ ऑगस्टला, म्हणजे बरोबर अकरा दिवसांनी, अर्थखात्याची अधिसूचना निघाली. १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत कापसावरचा आयात कर शून्य. आणखी दहा दिवसांनी मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली. भाषणात तडजोड नाही, राजपत्रात तडजोड. आणि किंमत कुणी मोजली? बोलणाऱ्याने नव्हे, वेचणाऱ्याने.

मुदतीच्या तारखा नीट पाहा. कोरडवाहू कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे येते. दुसरी दिवाळीनंतर. बी-खताची उधारी, सोसायटीचे हप्ते, मजुरी, पोरांच्या फिया हे सारे याच दोन वेचण्यांतून भागवायचे असते. ज्याच्याकडे विहीर आहे आणि घरात जागा आहे तो फेब्रुवारीपर्यंत थांबेल. कोरडवाहूवाला डिसेंबरच्या आत विकतो. कराची सवलत ३१ डिसेंबरला संपली, तोवर आपला कापूस घरातून गेलेला होता. सवलत संपल्यावर भाव चढला काय आणि पडला काय, आपल्याला त्याचे काय?

एवढे करून पदरात काय पडले? २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लागू केलाच. शेतकऱ्याचे संरक्षण आधी देऊन टाकले आणि बदल्यात काय मागितले ते कुणालाच माहीत नाही. बैलाच्या बाजारात अडाणी माणूससुद्धा असा सौदा करत नाही.

हिशेब एका क्विंटलचा

ज्याला हे राजकारण वाटते त्याने हिशेब पाहावा. एक क्विंटल कापसातून साधारण ३५ किलो रुई निघते. रुईची खंडी ३५६ किलोची. म्हणजे एका खंडीला दहा क्विंटलपेक्षा थोडा जास्त कापूस लागतो. समजा परदेशी रुई बंदरात ५० हजार रुपये खंडीने उतरते. तिच्यावरचा ११ टक्के कर साडेपाच हजार होतो. कर काढला की गिरणीवाल्याला खंडी साडेपाच हजारांनी स्वस्त. दहा क्विंटलांवर वाटले तर क्विंटलमागे सुमारे ५४० रुपये. सगळेच्या सगळे रोज आपल्या भावातून कापले जातात असे नाही. पण भावाच्या डोक्यावरचे छत तेवढ्याने खाली येते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने कापसाचा हमीभाव ५८९ रुपयांनी वाढवला. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. त्याच्या मोठमोठ्या जाहिराती झाल्या. एका हाताने ५८९ दाखवले आणि दुसऱ्या हाताने ५४० चे छत काढले. हमीभाव खरोखर मिळवायचा तर सीसीआयच्या दारात उभे राहायचे. त्याआधी मोबाइलवर नोंदणी, सातबाऱ्यावर पेरा आणि ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत. दिवाळीपूर्वी पाऊस झालेल्या वर्षी बारा टक्क्यांच्या आत ओलावा असलेला कापूस कोणाच्या घरात असतो?

सरकी आणि ज्वारीही त्याच टेबलावर

फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका यांचे संयुक्त निवेदन निघाले. अमेरिकेने कर १८ टक्क्यांवर आणण्याचे कबूल केले. भारताने कर कमी किंवा रद्द करायच्या मालाची यादी दिली. तीत पशुखाद्यासाठी लाल ज्वारी आहे, मद्यार्क काढल्यावर उरणारा धान्याचा सुका चोथा आहे, सोयाबीन तेल आहे.

कोणी म्हणेल, त्यात कापसाचा काय संबंध? क्विंटलभर कापसात रुई ३५ किलो, तर सरकी ६३ किलोच्या आसपास. जिनिंगवाला दोन्हींचा हिशेब करून भाव काढतो. सरकीचे तेल सोयाबीन तेलाशी स्पर्धा करते आणि सरकीची ढेप त्या चोथ्याशी. सरकी क्विंटलला शंभर रुपयांनी पडली की कापसाच्या क्विंटलमागे ६३ रुपये गेले. रुई एका बाजूने दाबायची, सरकी दुसऱ्या बाजूने. अडकित्त्यात सुपारी तशी आपली गत.

ज्वारीचेही तेच. पंडित सांगतील, मालदांडी भाकरीची, अमेरिकेची लाल ज्वारी कोंबडीची, मग भांडण कसले? खरीप ज्वारी ज्याने पेरली आहे त्याला विचारा. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की दाणा काळा पडतो आणि मग तो भाकरीचा राहत नाही. कोंबडीखाद्य, पशुखाद्य आणि मद्यार्काचे कारखाने हेच त्याचे गिऱ्हाईक. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये ठरला. काळ्या ज्वारीला त्या भावाने कोण उभे करते? त्या एकुलत्या गिऱ्हाइकाच्या दारात परदेशी जहाज लावायचे आणि वर म्हणायचे की शेतकऱ्याला धक्का नाही!

९ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिकेने बांगलादेशाशी करार केला. अमेरिकेचा कापूस वापरून तयार केलेल्या ठरावीक कपड्यांना शून्य कर. बांगलादेश हा आपल्या सुताचा आणि कापसाचा मोठा गिऱ्हाईक. आपल्यालाही तशीच सवलत मिळेल, असे आपले वाणिज्यमंत्री म्हणाले. म्हणजे आपल्या गिरण्यांनी त्यांचा कापूस कातावा, तर त्यांच्या बाजारात आपल्या कापडाला वाट. याला व्यापार म्हणायचे की वेठ? आणि २० फेब्रुवारी २०२६ ला अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणी कायद्याचा आधार घेऊन लावलेले हे कर बेकायदा ठरवले. ज्या कराच्या धाकाने आपण यादी लिहून दिली, तो करच कायद्यात बसत नव्हता.

खुला बाजार हवा, पण दोन्ही बाजूंनी

सरकारची बाजूही ऐकू. गिरण्या अडचणीत आहेत, निर्यात थांबली तर लाखो कामगारांची भाकरी जाईल. खरे आहे. गिरणी बंद पडावी असे आपल्याला मुळीच वाटत नाही, ती आपली गिऱ्हाईक आहे. पण गिरणीला मदत करायची तर तिजोरीतून करा. निर्यातीवर सूट द्या, व्याज कमी करा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून दानधर्म करायचा, यालाच आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात.

आपण खुल्या व्यापाराला घाबरतो, हा आरोपही खोटा. खुला व्यापार आपल्याला कधी मिळाला? एप्रिल २०१० मध्ये जगात भाव चढू लागले तेव्हा कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ ला एका आदेशाने निर्यातच बंद केली आणि ओरड झाल्यावर माघार घेतली. भाव चढला की जाण्याचे दार बंद, भाव पडला की येण्याचे दार उघडे. याला दार म्हणत नाहीत, उंदराचा सापळा म्हणतात. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संस्थेनेच २०१८ मध्ये हिशेब मांडला. २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला धोरणांपायी मिळालेली मदत शून्याच्या वर नव्हती, उणे १४ टक्के होती. म्हणजे सरकारने दिले त्यापेक्षा काढून घेतले जास्त.

तिकडे काय चालते? ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने अमेरिकेने आपल्या कापसाचा, सरकीसकट, संदर्भ भाव पौंडाला ३६.७ सेंटांवरून ४२ सेंटांवर नेला. बाजार त्याखाली गेला की फरक सरकार भरते. आणि हीच अमेरिका नोव्हेंबर २०१८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत म्हणाली की भारत कापसाला मर्यादेबाहेर मदत देतो. कशाच्या आधारावर? १९८६ ते ८८ च्या भावांशी आजचा हमीभाव ताडून! सरकारने एक गाठ विकत घेतली नसली तरी सारे पीक हिशेबात धरून! चोराच्या उलट्या बोंबा.

जे लढले त्यांना मिळाले. २००२ साली ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. २०१० पासून अमेरिका ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर भरू लागली. २०१४ मध्ये शेवटचे ३० कोटी देऊन भांडण मिटवले. आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले. त्यांची बाजू तितकीच न्यायाची होती. त्यांना मात्र ठराव आणि आश्वासने मिळाली. न्याय असून भागत नाही. दावा लावायची आणि टेबलावरून उठायची ताकद लागते. कापूस पिकवणारी सुमारे ६० लाख कुटुंबे पाठीशी असलेल्या देशाने ही ताकद वापरली नाही, तर ती असून उपयोग काय?

येत्या आठवड्यात काय करायचे

पहिल्या पानावरची बातमी मोठ्याने वाचा आणि चार प्रश्न विचारा. आपण काय दिले? कधीपासून दिले, वेचणीच्या आधी की नंतर? बदल्यात काय लिहून घेतले? आणि नुकसान झाले तर भरून कोण देणार? या चारांची उत्तरे बातमीत नसतील, तर 'सकारात्मक चर्चा' म्हणजे आपला बळी, असे खुशाल समजा.

प्रत्येक जिल्हा बैठकीने चार ठराव करावेत आणि जिल्हाधिकारी व खासदार यांच्या हाती द्यावेत.

एक, ऑक्टोबर ते मार्च या काळात कापसावरचा आयात कर कोणत्याही कारणाने कमी करू नये.

दोन, कराराने भाव हमीभावाखाली गेला तर फरक केंद्राने थेट शेतकऱ्याच्या खात्यात भरावा, मग त्याने कापूस सीसीआयला विकलेला असो वा व्यापाऱ्याला.

तीन, ज्वारी, ढेप आणि तेल यांच्या आयातीच्या सवलती संसदेत चर्चा झाल्याशिवाय लागू करू नयेत.

चार, भाव चढल्यावर निर्यातबंदी करणार नाही, असे सरकारने कायद्याने लिहून द्यावे.

खासदाराकडे मुद्दाम सकाळी जा आणि दहा-वीस जण मिळून जा. ऑगस्ट २०२५ च्या दोन्ही अधिसूचनांची प्रत सोबत न्या. त्याला विचारा, ही त्याने वाचली होती का. वाचली नसेल तर तिथेच वाचून दाखवा. वाचली असेल तर त्या दिवशी तो काय बोलला, ते लिहून मागा.