चौकच्या टोकावर, पायी

मैत्रिणींनो, दहिसरहून भाईंदर दोनच स्टेशनं. तिथून बसनं उत्तनकडे चौक गावी जा आणि धारावी किल्ल्याची टेकडी पायीच चढा. समोर, खाडीपलीकडे वसई! चिमाजी अप्पांनी १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, ती हे टोक मार्चमध्ये हाती आल्यावरच.

मुलांना खडकांवर न्यायचं तर आधी पंचांग पाहा. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट म्हणजे ठोकळमानानं भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणून ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भर दुपारीच भरती, तेव्हा खाली उतरूच नका. शेवाळलेले खडक टाळा, पाणी चढू लागलं की लगेच परता.

दशम्या, पाणी बरोबर असू द्या. येताना कोळणींकडून सुके बोंबील घ्यायला विसरू नका हं!