ताकदीच्या गोळ्याही डॉक्टरांना सांगा



डॉक्टर विचारतात, "सध्या कोणती औषधं चालू आहेत?" आपण बीपीची सांगतो, थायरॉइडची सांगतो. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन यांचं नाव कोणी घेत नाही. ते कुठे औषध, ते तर ताकदीचं! माझं मत असं, की अँटिबायोटिक लिहून घेताना हे ताकदीचंच आधी सांगायला हवं.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक्स पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा झिंक यांना चिकटतात. मग ती रक्तात नीट शोषली जात नाहीत. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर चेक भरला, पण खात्यात जमा झालाच नाही. गोळ्या मोजून घेतल्या तरी लघवीचा संसर्ग तसाच राहू शकतो, आणि कमी मात्रेत तगलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत.

उपाय अंतराचा. सिप्रोफ्लॉक्सासिन या खनिजांच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं असतं. लिवोफ्लॉक्सासिनला आधी-नंतर २ तास पुरतात. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम असलेल्या अँटासिडलाही हाच नियम. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबरही घेऊ नये. उलट अमॉक्सिसिलिनला कॅल्शियमची अशी अडचण नाही, आणि नुसतं बी-१२ कोणाला चिकटत नाही. म्हणून सरसकट सगळं बंद करू नका. औषधाचं नाव घेऊन विचारा.

आपल्या घरांत हे जास्तच विचारायला हवं. चौविहार करणारीला सूर्यास्तानंतर पाणीही चालत नाही. नवकारसीनंतर पहिला घोट, त्यामुळे थंडीत हातात जेमतेम दहा तास उरतात. मग सकाळच्या गोळ्या एका मुठीत आणि उरलेल्या संध्याकाळच्या जेवणाबरोबर एका मुठीत. अंतर राहणार कुठून? शिवाय दर बारा तासांनी घ्यायची गोळी या वेळेत बसतच नाही.

तेव्हा पहिल्याच भेटीत सांगावं, "डॉक्टर, मी रात्री काही घेत नाही." दिवसातून एकदाच घ्यायचं औषध चालत असेल तर ते देता येतं. कॅल्शियम तेवढे दिवस थांबवायचं का, तेही तेच सांगतील. आपल्या मनाने रात्रीची गोळी गाळणं मात्र सगळ्यात वाईट. नियमाबद्दल शंका असेल तर महाराजसाहेबांना विचारा, गोळीबद्दल असेल तर डॉक्टरांना. दोन्ही उत्तरं आपणच ठरवून टाकू नयेत.

आणि आजच एक काम करा. घरातल्या सगळ्या बाटल्यांचा, पाकिटांचा, मागची बारीक अक्षरं दिसतील असा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. ताप अंगात असताना नावं आठवत नाहीत.