घरांतील यंत्रें : स्कूटरचा ताप

स्कूटर ही घराबाहेर उभी राहणारी वस्तु. तिचा या सदराशीं काय संबंध, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांत तीन भावांचे संसार एका छपराखालीं नांदतात, तेथें स्कूटर कोणा एकाची कधींच नसते. सकाळीं ती मुलांना शाळेंत पोंचविते, दुपारीं दळण आणते, संध्याकाळीं आजोबांना दवाखान्यांत नेते. आणि जी वस्तु सर्वांची, तिच्या टांकींत कोण काय ओततो याची चौकशी कोणीच करीत नाहीं. पुढील हकीकत आमच्याच घरची आहे व तींत आमचा स्वतःचा वाटा लहान नाहीं, हें आधींच कबूल करून ठेवतों.

गेल्या वैशाखांत सासवडास आमच्या मेहुण्यांच्या नातवाची मुंज होती. आम्ही व इतर मंडळी आदल्या दिवशींच गेलों. पुतण्या कचेरीच्या कामामुळें मागें राहिला होता. तो व त्याच्या काकू, म्हणजे आमचें कुटुंब, अशीं दोघें मुंजीच्या सकाळीं पुण्याहून स्कूटरवर निघालीं. दिवेघाटाच्या चढावर एका लादलेल्या ट्रकच्या मागें हळूहळू जात असतां समोरच्या तबकडींत तांबडा दिवा लागला. पुतण्यानें गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें, हें उत्तम केलें. पण तेवढ्यांत एक परोपकारी गृहस्थ थांबले. "पाणी संपलें असेल, झांकण काढून ओता," असा त्यांनीं सल्ला दिला व स्वतःची बाटलीहि पुढें केली. पुतण्यानें बाजूचें छोटें आवरण काढून रेडिएटरच्या बुचाला हात घातला, तोंच काकू ओरडल्या, "अरे, वाफ जिरल्यावांचून कुकर कधीं उघडतोस का? हात काढ आधीं!"

काकूंनीं यंत्रशास्त्र पढलेलें नाहीं. परंतु कुकराचें झांकण व रेडिएटरचें बूच यांची जात एकच आहे, हें त्यांनीं अचूक ओळखलें. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर. तेथें उघड्या भांड्यांतील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें, आणि महाबळेश्वरास तर ९५-९६ अंशांवरच. स्कूटरमध्यें निव्वळ पाणी नसून निम्में एथिलीन ग्लायकोल व निम्में शुद्ध पाणी असें मिश्रण असतें. बाजारांत त्यालाच कूलंट म्हणतात. तें उघड्यावर १०६-१०७ अंशांपर्यंत दम धरतें. त्यावर बुचाच्या स्प्रिंगचा दाब पडला म्हणजे हीच मर्यादा १२५ अंशांच्या पलीकडे जाते. अशा तापलेल्या द्रवावरील दाब एकाएकीं काढला तर तो त्याच क्षणीं उसळून उकळतो व उघडणाराच्या तोंडावर येतो. तेव्हां अर्धा-पाऊण तास थांबावें, इंजिन हाताला सोसवेल इतकें निवूं द्यावें, आणि मग बुचाला हात लावावा. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बाटली रिकामी करणें हेंहि तितकेंच वाईट. ॲल्युमिनियमचें हेड अशानें वांकडें होतें किंवा तडकतें.

असो. तासभर घाटांत बसून, दोनदां वाटेंत थांबून दोघें सासवडास पोंचलीं, तेव्हां मुहूर्त टळून बटु भिक्षावळीला निघाला होता. आम्हीं मांडवांतच, चार पाहुण्यांदेखत, पुतण्याला बोल लावला : गाडी पळविली असशील, त्याशिवाय इंजिन तापत नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं.

पुण्यास परतल्यावर पहिल्या गॅरेजांत सांगण्यांत आलें कीं हेडचें पॅकिंग गेलें, इंजिन उघडावें लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून आम्हींच थोडें थांबावयाचें ठरविलें व विषयाचा अभ्यास आरंभिला.

आमच्या पिढीचा परिचय वाऱ्यावर थंड होणाऱ्या स्कूटरशीं. इटलींत १९४६ सालीं व्हेस्पा निघाली, तेव्हांपासून आपल्याकडील १९७२ सालच्या चेतकपर्यंत योजना एकच : इंजिनाच्या चाकालाच पंख्याचीं पातीं बसवावयाचीं व तो वारा सिलिंडरच्या पाखांवरून फिरवावयाचा. आतां द्रवानें थंड होणाऱ्या स्कूटरी आल्या. यामाहाची १५५ सी.सी.ची एरॉक्स २०२१ सालीं आपल्याकडे विक्रीस आली, ती याच जातीची. (आमच्या घरची गाडी कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें कारण नाहीं, दोष गाडीचा नव्हताच.) लहान इंजिनांतून अधिक शक्ति काढावयाची म्हणजे उष्णताहि अधिक. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानानें चौथा हिस्साच चाक फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर जाते, कांहीं इंजिनाच्या भिंतींतून बाहेर काढावी लागते, आणि प्लॅस्टिकच्या कवचांत झांकलेल्या इंजिनाला त्यासाठीं नुसता वारा पुरत नाहीं.

म्हणून सिलिंडरभोंवतीं पोकळी ठेवून तींतून एक लहानसा पंप द्रव फिरवितो. वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा द्वारपाल बसलेला असतो. त्याच्या पोटांत मेण असतें. इंजिन थंड असेल तोंवर तो रेडिएटरकडील वाट बंद ठेवतो. द्रव सुमारें ८० अंशांपलीकडे गेला कीं मेण वितळून फुगतें व झडप उघडते. मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना द्रव निवतो व परत इंजिनांत येतो. पुष्कळ स्कूटरींत हा रेडिएटर इंजिनाच्या उजव्या कुशीला असून पंखा क्रँकलाच जोडलेला असतो. इतरांत तो पुढें असतो व पंखा विजेवर चालतो. ताप चढला म्हणजे या वाटेवर कोठें तरी अडथळा आहे इतकाच त्याचा अर्थ, आणि तो शोधावयाचा तर स्वस्त जागेपासून आरंभ करावा.

हेडचें पॅकिंग गेल्याचीं लक्षणें ठरलेलीं आहेत. ऑइलच्या झांकणाखालीं दुधी साय दिसते, निवलेल्या इंजिनाचें बूच काढून तें चालू केल्यास रेडिएटरांत सारखे बुडबुडे येतात, किंवा इंजिन तापल्यावरहि मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत राहतो. आमच्या गाडींत यांपैकीं एकहि नव्हतें. तेव्हां आमच्या गल्लींतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं इंजिन चालूं ठेवून तांबडा दिवा लागण्याच्या बेतास येऊं दिलें, मग रेडिएटरच्या नळीजवळ हात धरून पाहिला. इंजिन भट्टीसारखें तापलेलें, पण रेडिएटर जेमतेम कोमट. म्हणजे द्वारपाल दार उघडीत नव्हता. गाडी निवल्यावर थर्मोस्टॅट काढून त्यांनीं तो दोऱ्यानें पातेल्यांतील पाण्यांत टांगला व खालीं शेगडी पेटविली. पाणी खळखळूं लागलें तरी झडप केंसभरच हलली. तिच्या कडांवर पांढरी, खरबरीत पुटें चढलीं होतीं; तशींच राखीव टांकीच्या तळाशींहि होतीं.

"यांत पाणी कोणतें घातलें, आणि कोणीं?" मिस्त्रींनीं विचारलें.

घातलें आम्हींच होतें. थंडीच्या दिवसांपासून राखीव टांकींतील पातळी खालच्या खुणेखालीं जातांना आम्हांस दिसे, आणि एवढ्या-तेवढ्यासाठीं बाटली विकत कशाला घ्यावी, पाणी तें पाणी, अशा विचारानें आम्ही दर पंधरवड्यास बोअरवेलचें पाणी त्यांत ओतीत होतों. कोणास सांगितलेंहि नाहीं. त्याच पाण्यानें आमच्या गीझरची कांडी दरवर्षीं चुन्यानें माखते, हें काकूंस ठाऊक होतें. आम्हांस तें स्नानगृहापुरतेंच वाटलें. जड पाण्यांतील चुना तापल्या भिंतीवर बसतो, नळ्या चोंदवितो व उष्णतेला वाट देत नाहीं. शिवाय कूलंटमधील गंज रोखणारीं द्रव्यें पातळ होतात व उकळण्याची मर्यादाहि खालीं येते. कूलंट हें बर्फाळ देशांतील खूळ, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडे त्याचा उपयोग गोठण्याविरुद्ध नसून उकळण्या-गंजण्याविरुद्ध आहे. उलट बाजूनें, पाणी न घालतां निव्वळ अर्क भरणारेहि चुकतात, कारण उष्णता वाहून नेण्यांत पाणीच वरचढ. अर्क आणला तर निम्में डिस्टिल्ड पाणी मिसळावें. तयार मिश्रण आणलें तर कांहीं मिसळूं नये.

पण मुळांत पातळी खालीं कां जात होती? हा प्रश्न आम्हीं स्वतःस चार महिने विचारला नव्हता. मिस्त्रींनीं तो दहा मिनिटांत सोडविला : एका रबरी नळीची पट्टी सैल होऊन थेंब-थेंब गळत होता व तापल्या इंजिनावर वाळून जात होता. पंपाच्या खालीं एक बारीक भोंक असतें, तेथून थेंब आला असता तर पंपाचें सील गेलें असें समजलें असतें. बूच सैल असलें तरीहि द्रव असाच निसटतो. पाखांत चिखल बसला असेल तर साध्या नळीनें, मंद धारेनें धुवावा. गाड्या धुण्याच्या जोरकस फवाऱ्यानें पाखें वांकतात. विजेचा पंखा फिरत नसेल तर आधीं फ्यूज पाहावा.

नवा थर्मोस्टॅट बसला, पट्टी आवळली गेली, रेडिएटर मिस्त्रींकडील औषधानें व मग डिस्टिल्ड पाण्यानें धुतला गेला. (एका शेजाऱ्यांनीं संडास धुण्याचें आम्ल सुचविलें होतें. तें ॲल्युमिनियमच खाऊन टाकतें.) नवें कूलंट भरतांना बूच उघडें ठेवून इंजिन सावकाश चालविलें व गाडी डावी-उजवी कलती करून अडकलेली हवा बाहेर येऊं दिली, हवेची गांठ राहिली तर टांकी भरलेली असूनहि ताप येतो.

त्या रात्रीं पंगतींत आम्हीं पुतण्याला सर्वांसमक्ष सांगितलें कीं चूक आमची होती, व मांडवांत बोललों तें आम्हीं परत घेतों. तो "असूं द्या, काका," म्हणाला व ताक मागून घेतलें. काकूंनीं मात्र भिक्षावळीचा विषय काढलाच.

एक गोष्ट घरांतील स्त्रियांसाठीं मुद्दाम लिहितों. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतें आणि विषारी असतें. तें पोटांत गेल्यास मूत्रपिंडें निकामी होतात. तें सरबताच्या बाटलींत कधींहि भरूं नये, सांडलेलें तसेंच ठेवूं नये. मांजरेंहि तें चाटतात. मुलानें चुकून घोट घेतला तर लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. आमच्याकडे उरलेली बाटली आतां माळ्याखालच्या कपाटांत आहे. तिजवर काकूंनीं स्वतःच्या अक्षरांत "विष. स्कूटरचें." अशी चिठ्ठी चिकटविली असून कपाटाची किल्ली त्यांनीं पुतण्याकडे दिली आहे, आमच्याकडे नाहीं.